संशोधनाची आणेवारी

(मोडनिंब येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माप म्हणजे काय, हे मोडनिंबच्या शेतकऱ्याला कुणी शिकविण्याची आवश्यकता नाही. माढा तालुक्यासारख्या अवर्षणाच्या टापूत पिढ्यान्पिढ्या एक आकडा माणसांच्या संसाराशी खेळत आला. तो म्हणजे पिकाची आणेवारी. पुढे आणे गेले, पैसे आले, तिला पैसेवारी म्हणू लागले. पण गावाच्या तोंडी शब्द राहिला तो आणेवारीच. रुपयाला पन्नास पैशांच्या खाली आकडा उतरला की टंचाई जाहीर व्हायची, साऱ्याची तहकुबी, मुलांच्या फीची माफी मिळायची. एकावन्न पैसे लागले की काहीच नाही. म्हणून चावडीवर दरवर्षी भांडण व्हायचे. पीक किती आले, एवढ्यापुरते ते भांडण नसायचे. कोणत्या शिवारातले पीक पाहिले, कालव्याखालचे की माळावरचे, आणि ते पाहणारा कोण होता, यावर ते असायचे. माप घेणारा कोठे उभा राहतो यावर माप ठरते, हे ज्ञान या मातीतल्या माणसाला पुस्तकाशिवाय मिळाले आहे.

सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली, ती याच दोषावर उपाय म्हणून. डोळ्यांनी अंदाज बांधू नये. तुकडा कोणता पाहायचा हे माणसाच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक निवडीने ठरवावे, त्यातले पीक कापावे, मळावे आणि तोलावे, अशी ती पद्धत. चांगले शेत निवडून सगळ्या गावाचे पीक चांगले ठरविता येते आणि वाईट निवडून वाईट, ही गोष्ट त्यांनी गणिताने बंद केली.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, शास्त्रज्ञांचीही अशीच एक आणेवारी आता काढली जाते. संशोधकाने शोधनिबंध किती प्रसिद्ध केले, कोणाबरोबर केले, आणि इतर संशोधकांनी आपापल्या निबंधांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला, हे तीन आकडे मांडले की माणसाची किंमत कळते, अशी समजूत विद्यापीठांत, संशोधनसंस्थांत आणि सरकारी कचेऱ्यांत घट्ट बसली आहे. नेमणूक, बढती, अनुदान, परदेशगमन, या सर्वांच्या दारावर हे आकडे पहारा देतात. प्रश्न विद्वानांचा आहे, शेतकरी-कामगारांच्या चळवळीला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. पण संशोधक काय शोधतो यावर शेतकऱ्याच्या कोठारात काय पडते ते अवलंबून असते. आणि संशोधक काय शोधतो हे त्याचे माप कशाने घेतले जाते यावर ठरू लागले आहे. तेव्हा हा प्रश्न चावडीपर्यंत आणावाच लागतो.

या मापाचा जन्म काही वाईट हेतूने झालेला नाही. अमेरिकेत न्यायालयांचे जुने निवाडे पुढच्या कोणत्या निवाड्यांत उल्लेखिले गेले याची सूची १८७३ पासून वकिलांच्या उपयोगासाठी निघत असे. त्यावरून युजीन गारफील्ड यांना कल्पना सुचली की, शास्त्रीय निबंधांचीही अशी सूची करावी. म्हणजे एखादा विचार पुढे कोठे गेला, कुणी तो दुरुस्त केला, कुणी खोडला, याचा माग लागेल. १९५५ साली त्यांनी ती मांडली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेची सूची नियमाने प्रसिद्ध होऊ लागली. ग्रंथपालांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे कळावे म्हणून नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे प्रभावांक, निघाला. आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षी सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. २००५ साली जॉर्ज हर्श या पदार्थवैज्ञानिकाने व्यक्तीसाठी एक आकडा सुचविला: ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख मिळाले त्याचा निर्देशांक दहा, वीस निबंधांना वीस मिळाले त्याचा वीस. ग्रंथालयाची सोय म्हणून निघालेले साधन अशा रीतीने माणसांचा तराजू बनले. व्यक्तींची तुलना करताना हे आकडे जपून वापरावेत असे खुद्द गारफील्ड बजावीत असत. ते कुणी ऐकले नाही.

आता या तराजूत आपल्या शेजारचेच एक संशोधन घालून पाहू.

मोडनिंबहून सोलापूरच्या वाटेवर मोहोळ लागते. तेथील संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक निवड झाली. तीच ‘मालदांडी ३५-१’. याच दशकात, १९३३ साली, सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. दुष्काळी मुलखाच्या शेतीकडे शास्त्राने बघावे, ही जाणीव त्या काळात मूळ धरीत होती. निवडीचे काम दिसायला साधे. शेतकऱ्यांच्या पिकातली चांगली कणसे निवडायची, प्रत्येकाच्या दाण्यांची वेगळी ओळ पेरायची, ओळींची एकमेकींशी आणि मूळ पिकाशी तुलना करायची, नापसंत ओळी टाकायच्या आणि हंगामामागून हंगाम हेच करीत राहायचे. यात चमत्कार नाही, मोठे यंत्र नाही. आहे ती नजर, चिकाटी आणि नोंदवही.

पण फळ काय मिळाले? पाऊस संपल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तग धरायची, अशी ही रब्बीची ज्वारी. तिला टपोरा, मोत्यासारखा दाणा हवा, भाकरी गोड आणि मऊ हवी, आणि कडबा जनावरांनी आवडीने खाल्ला पाहिजे. शास्त्रज्ञांच्या कितीतरी संकरित वाणांनी धान्याचा उतारा वाढविला. पण खोल काळ्या रानात भाकरी आणि कडबा या दोन्ही परीक्षांत मालदांडीला हरविणे अनेक दशके कुणाला साधले नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे फुले वसुधा, फुले रेवती यांसारखी वाणे दिली आणि तीही शेतकऱ्यांनी घेतली. परंतु नव्या वाणाची परीक्षा घेताना तुलनेला शेजारी पेरायचे वाण म्हणून मालदांडीच उभी राहत आली. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही या मालदांडीच्याच परंपरेचे फळ.

हे काम आजच्या आणेवारीत किती पैशांचे? निवड करणाऱ्यांच्या नावे उल्लेखांची रास नाही. त्यांचे वाचक शेतकरी होते. शेतकऱ्याने वाण वाचले म्हणजे पेरले, पसंत पडले म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पेरले, पाहुण्याला पायलीभर बी दिले. लाखो एकरांवर उमटलेला हा संदर्भोल्लेख कोणत्याही सूचीत चढत नाही, कारण शेतकरी आपल्या पेरणीखाली तळटीप लिहीत नाही.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अलीकडच्या काळात याच मालदांडीचा दुसऱ्या वाणांशी संकर करून, दुष्काळ सोसण्याचा गुण कोणत्या जनुकांत आहे याचे नकाशे काढणारे निबंध प्रसिद्ध झाले. ते मोलाचे आहेत, त्यांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. त्यांना उल्लेख मिळतात, गुण मिळतात. ज्या वाणावर हे नकाशे उभे आहेत ते मात्र निबंधाच्या ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात एका ओळीचे साहित्य म्हणून येते. पाया मोजला जात नाही, मजला मोजला जातो.

प्रभावांकाच्या दोन वर्षांच्या मुदतीचा अर्थ तरी शेतीत काय होतो? दोन वर्षे म्हणजे दोन रब्बी हंगाम, त्यांतला एखादा दुष्काळात जायचा. एक वाण सिद्ध व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. बोराच्या झाडाचे उदाहरण घ्या. मोडनिंबच्या बाजारात बोरांची आवक कशी होते हे येथील श्रोत्यांना ठाऊक आहे. रानबोरीच्या खुंटावर उमराणचा डोळा भरायचा, झाड वाढवायचे, उन्हाळ्यात छाटणी करायची, आणि मग काही बहर पाहिल्यावर फळाविषयी दोन शब्द खात्रीने बोलायचे. एवढ्या अवधीत प्रयोगशाळेत बसलेला सहकारी पाच-सहा निबंध लिहून मोकळा होतो. दोघेही प्रामाणिक असले, तरी तरुण संशोधकाने कोणती वाट धरावी हे तराजूने आधीच सुचविलेले असते.

कृषिसंशोधनात तर ही गोष्ट नियमाने बांधली गेली. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना वीसपैकी गुण देते. आंतरराष्ट्रीय प्रभावांक असलेल्या नियतकालिकास सहा अधिक तो प्रभावांक, आणि नसलेल्यास फार तर सहा, असा तो हिशेब. वाण प्रसारित केल्याबद्दल संशोधकाला श्रेय मिळत नाही असे नाही. परंतु त्यात प्रसारणाचा दिवस मोजला जातो. ते वाण वीस वर्षांनी किती शेतांत उरले, हा प्रश्न कागदावर दुय्यमच राहतो. मराठीतून शेतकऱ्यांसाठी लिहिलेला लेख शोधनिबंधांच्या हिशेबात येत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण मग केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी तेल्या रोगावर संशोधन करणाऱ्याने बागांतून हिंडून छाटणी, स्वच्छता आणि फवारणीची शिस्त समजावून सांगण्यात घालविलेले दिवस कोणत्या रकान्यात लिहायचे? सोलापूरच्या डाळिंबाचे भवितव्य तर त्या दिवसांवरही तोललेले आहे.

शेतीबाहेरचे एक उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो; त्यांचा व्यवसाय गणिताचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना, १९४३-४४च्या सुमारास, त्यांनी दोन निबंध लिहिले. एकात त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र दिले. ते ‘कोसंबी सूत्र’ म्हणून जगभर वापरले जाते, आणि ज्वारीच्या जनुकांचे नकाशे काढणारेही बहुधा त्याच सूत्राने अंतरे मोजतात. मात्र सूत्र इतके अंगवळणी पडले आहे की, मूळ निबंधाचा निर्देश करण्याची गरज अनेकांना वाटत नाही. संगणकाच्या आज्ञावलीत नाव निवडले की काम भागते. जे ज्ञान सर्वांचे झाले त्याचा उल्लेख थांबतो, आणि हा शास्त्रातला खरे तर सर्वोच्च मान या मोजणीत शून्य ठरतो. दुसरा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला. त्यातली कल्पना पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह या युरोपीय गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांचीच नावे रूढ झाली. छापले कोठे, यावर वाचले कुणी हे ठरले.

याच कोसंबींनी आपले काही निबंध ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने छापले. सूचीच्या लेखी तो निराळा माणूस. तसेच आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी रीमानच्या सुप्रसिद्ध प्रश्नाविषयी जे दावे कृषिसंख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडले, ते चुकीचे ठरले. निबंधांची संख्या मोजणारा हेही त्यांच्या खात्यावर जमाच करील! कोसंबींचे मोठेपण आणि त्यांची चूक, दोन्ही कळायला निबंध उघडून वाचावे लागतात. नावांचा घोटाळा तर सामान्यांच्याही वाट्याला येतो. एस. पाटील आणि ए. जाधव यांची महाराष्ट्रात गणती नाही. सूचीत एकाचे निबंध दुसऱ्याच्या खात्यावर जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे काम तिचे म्हणून धरलेच जाईल याचा भरवसा नसतो. २०१२ पासून प्रत्येक संशोधकाला एक कायमचा क्रमांक देण्याची सोय झाली, पण जुनी खाती तशीच पडून आहेत.

तरीही न्यायाने बोलले पाहिजे. ही मोजणी काही वेळा उपेक्षितांच्या कामी आली आहे. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकीचा जंतू विष स्रवतो हे ससाच्या आतड्यावरील प्रयोगांनी दाखविले आणि १९५९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. देशातील विद्वत्सभांनी त्यांची दखल घेतली नाही. १९८५ साली ते वारले, आणि १९८६ साली गारफील्ड यांनीच संदर्भोल्लेखांचा आलेख मांडून त्यांचे संशोधन पटकीच्या अभ्यासात किती मध्यवर्ती आहे हे जगापुढे ठेवले. जेथे बढत्या जातीने, नात्याने आणि वशिल्याने होत आल्या तेथे आकडा हा दुर्बळाचा आधार होऊ शकतो, हे चळवळीने विसरू नये. आकडे टाकून देऊन सर्व काही वरिष्ठांच्या मर्जीवर सोपविणे ही सुधारणा नव्हे.

पण आकडाच मालक झाला की काय होते, याचा अनुभव आपल्या महाविद्यालयांनी घेतला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. एका मान्य निबंधाला १५ गुण, प्रभावांक अधिक तर गुण अधिक. तालुक्याच्या ठिकाणी जेथे प्रयोगशाळेत साधने नाहीत, ग्रंथालयात नियतकालिके नाहीत आणि आठवडाभर तासांवर तास आहेत, तेथल्या प्राध्यापकानेही निबंध प्रसिद्ध केलेच पाहिजेत! मागणी निर्माण झाली तसा पुरवठाही झाला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. पुण्याचे भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या अशा १,००९ नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. २०१८ साली हा अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. मग नवी यादी आली, ‘केअर’ या नावाने. २०२५ साली तीही बंद झाली. पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती २०१६च्या नियमांत होती, ती २०२२ साली उठली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा हा एका तपाचा कारभार. पैसे भरून निबंध छापणाऱ्या प्राध्यापकाला हसणे सोपे आहे. त्याला त्या दुकानापर्यंत नेणारा नियम कुणी केला हे विचारणे अवघड असते.

सहकार्याच्या मोजणीचा प्रकार याहून मौजेचा आहे. हिग्ज कणाचे वस्तुमान सांगणाऱ्या २०१५च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. प्रचंड यंत्रावरील कामात ते योग्यच असेल. पण हा निबंध प्रत्येकाच्या खात्यावर एकेक पूर्ण म्हणून जमा करणे म्हणजे पाच हजार जणांनी ओढलेला रथ प्रत्येकाने एकट्याने ओढला असे लिहिणे होय. आयोगाने २०१० साली त्यावर वाटणी बसविली. मुख्य लेखक व मार्गदर्शक यांना मिळून ६० टक्के, उरलेल्या सर्वांत ४० टक्के. खळ्यावरच्या वाटणीची आठवण यावी असाच हा हिशेब. मात्र खळ्यावर बलुतेदारालाही त्याचा वाटा मिळे. निबंधाच्या वाटणीत कोण येतो? मालदांडी मोहोळच्या केंद्रात आली ती शेतकऱ्यांच्या रानातून. शेकडो वर्षे कणीस निवडून ते बियाण्यासाठी बाजूला काढणाऱ्या, उतरंडीत राखेत बी जपणाऱ्या बायका या त्या संशोधनाच्या पहिल्या सहलेखिका. त्यांचे नाव कोठेच नाही.

हे जुने झाले, असे म्हणावे तर दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे, तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. त्यांनी १९८०च्या दशकात आपल्या धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हे तांदळाचे वाण सिद्ध केले. नाव दिले ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे. वाण अनेक राज्यांत पसरले. पुढे कृषी विद्यापीठाने शुद्ध केलेले वाण ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने प्रसारित केले, आणि मूळ श्रेय आपल्याला मिळाले नाही ही खोब्रागडे यांची तक्रार २०१८ साली ते जाईपर्यंत राहिली. विद्यापीठांतल्या भाषेत बोलायचे तर एका संशोधकाचा संदर्भोल्लेख गळाला होता. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकरी हाही वाण निर्माण करणारा आहे हे मान्य केले. कायद्याला जे दिसले ते सूचीला अजून दिसत नाही.

शेवटी या तराजूची मालकी कुणाची, तेही पाहिले पाहिजे. गारफील्ड यांची सूची १९९२ साली थॉमसन कंपनीकडे गेली आणि २०१६ पासून ती क्लॅरिव्हेट या कंपनीची आहे. तिची प्रतिस्पर्धी ‘स्कोपस’ २००४ साली निघाली. ती एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीची, जी स्वतः नियतकालिकेही विकते. अडत्यानेच मालही विकावा आणि काटाही आपलाच ठेवावा, अशातला हा प्रकार. संशोधन होते सार्वजनिक पैशाने, निबंध संशोधक लिहितो, दुसरा संशोधक बहुधा विनामोबदला तपासतो. आणि छापून आलेले वाचण्यासाठी देश पुन्हा पैसे मोजतो. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले, तीसेक प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० संस्थांना मिळावीत म्हणून. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला वाचायला मिळेल हा लाभ खराच. पण मोहोळच्या एखाद्या प्रयोगाचा अहवाल मराठीत छापून गावोगावी जावा यासाठी त्याच्या किती सहस्रांश रक्कम लागेल, याचा हिशेब सभागृहात कुणी मागितल्याचे ऐकिवात नाही. जगातील अग्रगण्य दोन टक्के शास्त्रज्ञांची म्हणून स्कोपसच्याच आकड्यांवरून निघणारी यादी आली की मात्र चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात.

कार्यकर्त्यांनी करायचे ते येथूनच सुरू होते. कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला जावे, आणि वाण पाहून परतण्याऐवजी तेथील संशोधकाला विचारावे की गेल्या दहा वर्षांत त्याचे कोणते काम शेतात टिकले आणि त्याबद्दल त्याला बढतीच्या वेळी काय मिळाले. विद्यापीठांच्या अधिसभांत चळवळीचे जे प्रतिनिधी निवडून जातात त्यांनी मागणी करावी की, निवड समितीसमोर आकड्यांच्या तक्त्याबरोबर उमेदवाराचे उत्तमातले दोन-तीन निबंध ठेवावेत आणि समितीने ते वाचल्याचे लेखी नोंदवावे. कृषी शाखेत वाणाचा दहाव्या आणि विसाव्या वर्षीचा पेरा तपासावा. आणि तो तपासताना शिवार निवडायचे ते सुखात्म्यांच्या पद्धतीने, कुणाच्या मर्जीने नव्हे. ज्या शेतकऱ्याच्या रानातून मूळ बी आले त्याचे नाव आणि गाव निबंधात छापावे. हस्ताचा पाऊस झाला की माढ्यापासून मंगळवेढ्यापर्यंत तिफणी चालू होतील, त्याच सुमारास विद्यापीठांतूनही वर्षभराच्या गुणांचे तक्ते भरले जात असतील. त्या तक्त्याचा एक कोरा नमुना प्रत्येक तालुका शाखेने मिळवावा आणि त्यात शेताला रकाना कोठे आहे ते पाहून ठेवावे.